ऑरगॅनिक सुरू करायच्या आधी: इलेक्ट्रॉनचा हिशोब कसा ठेवायचा

अकरावीत किंवा एफवायला ऑरगॅनिक केमिस्ट्री सुरू झाली की बरीच मुलं लगेच रिॲक्शनच्या याद्या पाठ करायला घेतात, आणि दिवाळी येईपर्यंत त्या याद्या इतक्या वाढतात की कुठली रिॲक्शन कुठल्या नावाची तेच कळेनासं होतं. मी हा विषय शिकवते, आणि सुरुवातीचे तास एकही रिॲक्शन न घेता नुसतं अणू आणि बॉन्ड यावरच घालवते. पालक विचारतात पोर्शन कधी पुढे सरकणार, पण मला मनापासून वाटतं की इथे घाई केली तर पुढची दोन वर्षं ती मुलगी किंवा तो मुलगा नुसता घोकत बसणार. इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी आहेत आणि कुठून कुठे सरकणार, हे ज्याला कागदावर दिसतं त्याला पुढच्या निम्म्याहून जास्त रिॲक्शन न घोकता सुचतात. तर हे सगळं घरी बसून कसं शिकायचं ते सविस्तर लिहिते. पेन्सिल, खोडरबर, रफ वही, चार टूथपिक आणि सुपारीएवढी घट्ट कणीक एवढं जवळ ठेवा. कणकेचं काम नंतर आहे.

आधी अणू. ऑरगॅनिकसाठी अख्खा पिरिऑडिक टेबल लागत नाही, हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि हॅलोजन (फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन) एवढ्यावर बरंच भागतं, मागून सल्फर आणि फॉस्फरस येतात. मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. केंद्रक अख्ख्या अणूच्या मानाने हजारो पट लहान असतं आणि साध्या रिॲक्शनमध्ये त्याला काहीही होत नाही, जो काही व्यवहार होतो तो इलेक्ट्रॉनचा, आणि त्यातही फक्त सगळ्यात बाहेरच्या शेलमधल्या इलेक्ट्रॉनचा. एक चित्र मात्र डोक्यातून काढा, ते म्हणजे इलेक्ट्रॉन गोल गोल कक्षेत फिरतोय असं. ते बोरचं १९१३ चं मॉडेल, हायड्रोजनच्या स्पेक्ट्रमसाठी ते चाललं पण बॉन्ड समजायला त्याचा उपयोग नाही. आपल्याला हवं ते ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता जिथे जास्त ती जागा. एस ऑर्बिटल गोल, पी ऑर्बिटल डंबेलसारखं, आणि पी एकूण तीन, एकमेकांना काटकोनात, एक्स वाय झेड अशा तीन दिशांना. एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, ते पण उलट्या स्पिनचे (हा पाउलीचा नियम, १९२५ चा), आणि सारख्या एनर्जीची ऑर्बिटल असली की आधी प्रत्येकात एकेक आणि मग जोडी, हा हुंडचा नियम.

आता कार्बन भरून बघा. अणुअंक ६, म्हणजे वन-एस मध्ये दोन, टू-एस मध्ये दोन, टू-पी मध्ये दोन. टू-पी चे दोन्ही वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये एकेकटे बसणार, तिसरं पी रिकामं. बाहेरच्या शेलमध्ये एकूण चार. हे चार म्हणजेच कार्बनचे व्हॅलन्स इलेक्ट्रॉन. नायट्रोजनचे पाच, ऑक्सिजनचे सहा, हॅलोजनचे सात, हायड्रोजनचा एक. हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

कार्बन हे चार इलेक्ट्रॉन देऊन का टाकत नाही हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतंच, आणि प्रश्न चांगला आहे. कार्बनचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे १०८६ किलोज्यूल लागतात, पण प्रत्येक पुढचा इलेक्ट्रॉन आणखी घट्ट धरलेला असतो त्यामुळे चारही काढायचे तर बेरीज १४,२०० किलोज्यूलच्या वर जाते. एवढी एनर्जी साध्या रिॲक्शनमधून येणार कुठून? उलट चार इलेक्ट्रॉन घेऊन उणे चार व्हायचं तर सहा प्रोटॉननी दहा इलेक्ट्रॉन धरून ठेवायचे, तेही जमत नाही. म्हणून तो वाटून घेतो. दोन अणूंनी मिळून इलेक्ट्रॉनची एक जोडी वापरायची आणि दोघांनीही ती आपली म्हणून मोजायची, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली, आणि आपण जी ठिपक्यांची चित्रं काढतो ती त्यांचीच. कार्बनला चार हात असतात आणि तो दुसऱ्या कार्बनला जोडून साखळ्या करतो हे मात्र केकुले आणि कूपर यांनी त्याच्या कितीतरी आधी, १८५८ मध्येच, वेगवेगळं काम करून सांगितलं होतं, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधसुद्धा लागला नव्हता. मला याचं दर वेळी नवल वाटतं.

व्हॅलन्सचे आकडे सोडले तर पाठ करायचं असं या अख्ख्या लेखात फार थोडं आहे, त्यातलं मुख्य इथे सांगते. चार्ज नसताना हायड्रोजन एक बॉन्ड करतो आणि लोन पेअर शून्य. कार्बन चार बॉन्ड, लोन पेअर शून्य. नायट्रोजन तीन बॉन्ड, एक लोन पेअर. ऑक्सिजन दोन बॉन्ड, दोन लोन पेअर. हॅलोजन एक बॉन्ड, तीन लोन पेअर. लोन पेअर म्हणजे बॉन्डमध्ये न गेलेली, अणूजवळच राहिलेली जोडी. बघितलं तर हायड्रोजन सोडून प्रत्येकाचे बॉन्ड आणि लोन पेअर मिळून चारच होतात, कारण चार जोड्या म्हणजे आठ इलेक्ट्रॉन, आणि आठ झाले की यांचा बाहेरचा शेल भरतो (हायड्रोजनचा दोनातच भरतो).

आता लुईस स्ट्रक्चर काढायला घेऊ. फॉर्माल्डिहाइड घ्या, एक कार्बन, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पहिलं काम, सगळे व्हॅलन्स इलेक्ट्रॉन मोजा: कार्बनचे ४, हायड्रोजनचे २, ऑक्सिजनचे ६, एकूण १२. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून त्याला गोल करा, कारण शेवटी ताळा याच्याशीच करायचाय. दुसरं, सांगाडा काढा. हायड्रोजनला एकच बॉन्ड करता येतो म्हणून तो कधीच मध्ये बसत नाही, जास्त हात असलेला कार्बन मध्ये, त्याला दोन हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकेका रेघेने जोडा. तीन रेघा म्हणजे ६ इलेक्ट्रॉन खर्च झाले, उरले ६. तिसरं, हे उरलेले आधी बाहेरच्या अणूंना द्या, हायड्रोजनचे दोन भरलेत, म्हणून तिन्ही जोड्या ऑक्सिजनवर. आता ऑक्सिजनभोवती आठ झाले पण कार्बनकडे बघा, त्याच्याभोवती सहाच आहेत आणि वाटायला काही शिल्लक नाही. मग चौथं काम, ऑक्सिजनवरची एक जोडी उचलून कार्बन आणि ऑक्सिजनच्या मध्ये ठेवा, म्हणजे डबल बॉन्ड झाला. आता कार्बनला चार बॉन्ड, ऑक्सिजनला दोन बॉन्ड आणि दोन लोन पेअर, एकूण चार बॉन्डचे ८ आणि लोन पेअरचे ४, बरोबर १२. ताळा जुळला.

हा ताळा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, माझा हा हट्ट आहे. चित्र दिसायला छान असतं, प्रत्येकाला आठ असतात, पण मोजलं तर दोन इलेक्ट्रॉन जास्तीचे निघतात, ते कुठून आले विचारलं की उत्तर नसतं. मुलं डोळ्यांनी "बरोबर वाटतंय" म्हणून पुढे जातात आणि मार्क तिथेच जातात.

दुसरं उदाहरण ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं. फॉर्म्युला सीएच३-सीओओएच असा एका ओळीत लिहिलेला असतो आणि तो वाचून बरीच मुलं कार्बन, मग ऑक्सिजन, मग पुन्हा ऑक्सिजन, मग हायड्रोजन अशी सरळ रांग काढतात. तसं नाहीये. एका ओळीतला फॉर्म्युला जागा वाचवण्यासाठी असतो, त्यात पहिला ऑक्सिजन कार्बनला डबल बॉन्डने वर जोडलेला आणि दुसरा ऑक्सिजन त्याच कार्बनला सिंगल बॉन्डने, आणि त्या दुसऱ्यावर हायड्रोजन. ऑक्सिजनला ऑक्सिजन जोडला की पेरॉक्साइड होतो, ते वेगळंच प्रकरण, आणि ते फॉर्म्युल्यात मुद्दाम सांगितलेलं असतं. मोजून बघा: दोन कार्बनचे ८, चार हायड्रोजनचे ४, दोन ऑक्सिजनचे १२, एकूण २४. चित्रात आठ बॉन्ड म्हणजे १६, आणि दोन ऑक्सिजनवर मिळून चार लोन पेअर म्हणजे ८. जमलं. लोन पेअरचे ठिपके काढायचा कंटाळा करू नका हे इथेच सांगते, पुस्तकात बरेचदा ते गाळलेले असतात कारण लिहिणाऱ्याला ते न काढताही दिसतात, तुम्हाला अजून दिसत नाहीत.

पुस्तकांत पुढे नागमोडी रेघांची चित्रं येतात, त्यात कार्बनचं सी लिहिलेलं नसतं. प्रत्येक टोक आणि प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन, आणि त्याचे चार बॉन्ड पुरे होतील तेवढे हायड्रोजन मनात धरायचे. सुरुवातीला ते हायड्रोजन पेन्सिलीने काढा, नंतर पुसा.

आता फॉर्मल चार्ज, आणि इथे मुलं खरी अडखळतात. रीत सोपी आहे. कुठल्याही अणूचे लोन पेअरचे सगळे इलेक्ट्रॉन त्याचेच मोजा, बॉन्डमधल्या प्रत्येक जोडीतला एकच त्याचा मोजा, ही बेरीज त्याच्या मूळ व्हॅलन्स इलेक्ट्रॉनमधून वजा करा. जे येईल तो फॉर्मल चार्ज. नायट्रोमिथेन घेऊन करा, कार्बनवर तीन हायड्रोजन आणि एक नायट्रोजन, नायट्रोजनवर दोन ऑक्सिजन. एकूण ४ अधिक ३ अधिक ५ अधिक १२ म्हणजे पुन्हा २४. सगळ्यांचे आठ करायला गेलात की एक ऑक्सिजन डबल बॉन्डने आणि दुसरा सिंगल बॉन्डने जोडला जातो. नायट्रोजनला चार बॉन्ड आणि लोन पेअर नाही, म्हणजे त्याच्या वाट्याला ४, मूळ होते ५, चार्ज अधिक १. सिंगल बॉन्डवाल्या ऑक्सिजनवर तीन लोन पेअरचे ६ आणि बॉन्डचा १, म्हणजे ७, मूळ ६, चार्ज उणे १. डबल बॉन्डवाला शून्य. अख्ख्या रेणूची बेरीज शून्य, आणि नायट्रोमिथेनवर चार्ज नसतो, म्हणजे हाही ताळा जुळला. इथे कोणीतरी हमखास म्हणतं की दोन्हीकडे डबल बॉन्ड दिला तर चार्ज जातील ना, मग नायट्रोजनला पाच बॉन्ड होतात, म्हणजे दहा इलेक्ट्रॉन, आणि दुसऱ्या शेलमध्ये एक एस आणि तीन पी मिळून चारच ऑर्बिटल आहेत, दहा बसणार कुठे. फॉस्फरस आणि सल्फरच्या चित्रांत आठाच्या वर दाखवायची पद्धत आहे, पण कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनला कधीही नाही. पाच बॉन्डचा कार्बन दिसला तर ते चित्र तिथल्या तिथे खोडा.

काही दिवस असं मोजलंत की ठरावीक आकार आपोआप ओळखू येतात. नायट्रोजनला चार बॉन्ड दिसले की अधिक. ऑक्सिजनला एकच बॉन्ड आणि तीन लोन पेअर की उणे, तीन बॉन्ड आणि एक लोन पेअर की अधिक. कार्बनला तीन बॉन्ड असले तर जरा थांबून बघा, लोन पेअर नसेल तर तो कार्बोकॅटायन आणि चार्ज अधिक, लोन पेअर असेल तर कार्बॅनायन आणि चार्ज उणे, आणि एकटा इलेक्ट्रॉन असेल तर रॅडिकल आणि चार्ज शून्य. कार्बोकॅटायनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तो इतका भुकेला असतो आणि म्हणूनच पुढे अर्ध्या रिॲक्शनमध्ये तुम्हाला तो भेटणार आहे.

एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी घाईत सांगून टाकतात म्हणून मी इथे थांबते. फॉर्मल चार्ज हा कागदावरचा हिशोब आहे, इलेक्ट्रॉन खरंच कुठे जास्त आहेत ते तो नेहमी सांगत नाही. हायड्रोनियम आयन घ्या, ऑक्सिजनला तीन हायड्रोजन. हिशोबाने अधिक १ ऑक्सिजनवर येतो, पण बॉन्डमधल्या जोड्या प्रत्यक्षात ऑक्सिजन स्वतःकडे ओढून धरतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनची खरी कमतरता हायड्रोजनवर असते. म्हणूनच बेस (म्हणजे प्रोटॉन उचलणारा पदार्थ) येतो तेव्हा तो हायड्रोजन उचलतो, ऑक्सिजनवर हल्ला करत नाही. हे एकदा नीट समजलं की "अधिक चार्ज जिथे लिहिलाय तिथेच बाण मारायचा" ही सवय सुटते (बाण म्हणजे इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते दाखवणारी खूण).

ही ओढाताण मोजायला इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी. पाउलिंगच्या स्केलवर फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरिन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. आकडे पाठ नसले तरी क्रम लक्षात ठेवा. कार्बन आणि हायड्रोजनमधला फरक इतका कमी की तो बॉन्ड आपण नॉनपोलर धरतो, पेट्रोल पाण्यात मिसळत नाही त्याच्या मुळाशी हेच. कार्बन-ऑक्सिजन, कार्बन-क्लोरिन यात कार्बनवर थोडा अधिक येतो आणि इलेक्ट्रॉन घेऊन आलेला कोणीही त्या कार्बनकडे जातो. उलटं पण होतं: मॅग्नेशियम १.३१, म्हणजे कार्बन-मॅग्नेशियम बॉन्डमध्ये ओढणारा कार्बन ठरतो आणि त्याच्यावर उणे येतो. असा कार्बन-मॅग्नेशियम बॉन्ड असलेल्या ग्रिन्यार रिएजंटचं सगळं महत्त्व या एका उलट्या खेचण्यात आहे, आणि त्या कामाला १९१२ चं नोबेल मिळालं. फरक फारच मोठा असला की जोडी पूर्ण एकाकडे जाते, ते आयनिक. सोडियम ॲसिटेटमध्ये दोन्ही प्रकार एकत्र दिसतात, ॲसिटेटच्या आत सगळे कोव्हॅलंट, म्हणजे जोडी वाटून घेतलेले, बॉन्ड आणि सोडियम बाहेर आयन म्हणून. सोडियमला ऑक्सिजनशी रेघ मारून जोडू नका, चार्ज लिहून वेगळा ठेवा.

आता कणीक घ्या. गोळी करा आणि त्यात चार टूथपिक अशी खोचा की प्रत्येक टोक बाकी तिन्हींपासून जास्तीत जास्त लांब राहील. बहुतेक जण आधी अधिकच्या चिन्हासारखी सपाट खोचतात, ९० अंशांवर. मग एक टूथपिक उचलून सरळ वर आणा आणि बाकीच्या तीन तिपाईच्या पायांसारख्या खाली फाकवा, आता टोकं आणखी लांब गेली, कोन १०९.५ अंश. हा टेट्राहेड्रॉन, हेच मिथेन. कार्बनचे चार बॉन्ड असे टेट्राहेड्रॉनच्या चार कोपऱ्यांकडे पसरतात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये सांगितलं. हे मॉडेल हातात फिरवत फिरवत कागदावर काढा: दोन टूथपिक कागदाच्या पातळीत दिसतील अशी धरा, त्यांना साध्या रेघा, एक तुमच्याकडे येते तिला जाड पाचर, एक मागे जाते तिला तुटक पाचर. स्टिरिओकेमिस्ट्री, म्हणजे अणूंच्या त्रिमितीतल्या मांडणीचा भाग, आला की याच चित्रावर सगळं उभं राहतं, म्हणून हे आत्ता दहा वेळा काढा.

पण मघाशी भरलेल्या कार्बनमध्ये एकेकटे इलेक्ट्रॉन दोनच होते, आणि पी ऑर्बिटल तर काटकोनात, मग सारखे चार बॉन्ड आले कुठून? यावर लायनस पाउलिंग यांनी १९३१ मध्ये दिलेलं उत्तर म्हणजे हायब्रिडायझेशन. टू-एस आणि तिन्ही टू-पी एकत्र करून चार सारखी ऑर्बिटल बनवली असं धरायचं, त्यांना एसपी३ म्हणायचं. एक एस आणि दोनच पी घेतले तर तीन एसपी२, सपाट, १२० अंशांच्या आसपास, आणि एक पी तसंच उभं राहतं. एक एस आणि एक पी घेतलं तर दोन एसपी, सरळ रेषेत १८० अंश, आणि दोन पी उरतात. ओळखायची रीत अशी की अणूला किती अणू जोडलेत ते मोजा, त्यात त्याच्या लोन पेअर मिळवा, चार आले तर एसपी३, तीन आले तर एसपी२, दोन आले तर एसपी. डबल बॉन्ड असला तरी समोरचा अणू एकच धरायचा. अमोनिया आणि पाणी दोन्ही चार, म्हणून एसपी३, पण अमोनियाचा कोन १०७ आणि पाण्याचा १०४.५, कारण लोन पेअर बॉन्डच्या जोडीपेक्षा जास्त जागा अडवते.

हायब्रिडायझेशन ही समजून घ्यायची एक पद्धत आहे, अणू खरंच आधी ऑर्बिटल मिसळून मग बॉन्ड करायला निघतो असं नाही. मिथेनच्या फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममध्ये (प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती एनर्जी लागते ते मोजणारा प्रयोग) व्हॅलन्स इलेक्ट्रॉनच्या दोन वेगळ्या एनर्जी दिसतात, चारही बॉन्डचे इलेक्ट्रॉन अगदी एकसारखे असते तर एकच दिसली असती. त्यासाठी मॉलिक्युलर ऑर्बिटलचा सिद्धांत लागतो, तो पुढे येईल. आकार ओळखायला आणि रिॲक्शन समजायला ही पद्धत उत्तम चालते म्हणून ती वापरायची, एवढंच.

समोरासमोर ऑर्बिटल भिडून होतो तो सिग्मा बॉन्ड, आणि उरलेली उभी पी ऑर्बिटल बाजूबाजूने भिडून होतो तो पाय बॉन्ड. सिंगल म्हणजे एक सिग्मा, डबल म्हणजे सिग्मा अधिक एक पाय, ट्रिपल म्हणजे सिग्मा अधिक दोन पाय. कार्बन-कार्बन सिंगल बॉन्डची लांबी १५४ पिकोमीटर, डबल १३४, ट्रिपल १२०. तोडायला लागणारी एनर्जी साधारण ३४७, ६१४ आणि ८३९ किलोज्यूल. आता हे आकडे नीट बघा, डबलची एनर्जी सिंगलच्या दुप्पट नाही. ३४७ वजा केले तर पाय बॉन्डच्या वाट्याला २६७ च्या आसपास येतात, म्हणजे पाय बॉन्ड सिग्मापेक्षा कच्चा. अल्कीनमध्ये, म्हणजे कार्बन-कार्बन डबल बॉन्ड असलेल्या पदार्थात, ब्रोमिन टाकला की पाय तुटतो आणि सिग्मा शाबूत राहतो याचं कारण या वजाबाकीत आहे. आणि पाय बॉन्डभोवती फिरवायला गेलं तर पी ऑर्बिटलची भिडणी सुटते, म्हणून डबल बॉन्ड फिरत नाही आणि सिस-ट्रान्स (जोडलेले गट डबल बॉन्डच्या एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना) असे वेगळे पदार्थ मिळतात.

एसपी कार्बनचं आणखी एक महत्त्व. एसपी३ मध्ये एसचा वाटा २५ टक्के, एसपी२ मध्ये ३३, एसपीत ५०. एस ऑर्बिटल केंद्रकाच्या जवळ असतं, त्यामुळे एसचा वाटा जेवढा जास्त तेवढा कार्बन इलेक्ट्रॉनना घट्ट धरतो, म्हणून ॲसिटिलीनचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून निघू शकतो (पीकेए, म्हणजे ॲसिडपणाचा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड जोरदार, इथे सुमारे २५) आणि इथेनचा जवळपास निघतच नाही (सुमारे ५०). हाच ॲसिटिलीन वायू कार्बाइडवर पाणी पडलं की निघतो, आंबे पिकवायला कार्बाइड वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, कारण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते. इथिलीन मात्र फळ स्वतःच तयार करतं, आणि मर्यादेत वापरायला परवानगी आहे.

मोजून हायब्रिडायझेशन काढायची जी रीत वर दिली तिला एक अपवाद आहे आणि तो परीक्षेत हमखास विचारतात. पॅरासिटामॉलची गोळी घ्या, बेन्झीनच्या सहा कार्बनच्या रिंगला एका बाजूला ओएच आणि समोरच्या बाजूला नायट्रोजन, त्यावर एक हायड्रोजन आणि एक कार्बोनिल (ऑक्सिजनशी डबल बॉन्ड असलेला कार्बन), कार्बोनिलला मिथिल (सीएच३). रिंगचे सहाही कार्बन एसपी२, कार्बोनिलचा एसपी२, मिथिलचा एसपी३. नायट्रोजनला तीन अणू आणि एक लोन पेअर, म्हणजे चार, म्हणजे एसपी३? नाही. शेजारी पाय बॉन्ड असला की लोन पेअर पी ऑर्बिटलमध्ये उभी राहून त्या पाय बॉन्डमध्ये मिसळते, त्यात फायदा असतो, म्हणून हा नायट्रोजन एसपी२ आणि जवळपास सपाट. आपल्या शरीरातल्या प्रोटीनमध्ये दोन अमिनो ॲसिडना जोडणारा प्रत्येक पेप्टाइड जोड असाच सपाट असतो, आणि प्रोटीनची अल्फा हेलिक्स पाउलिंगना सापडली ती हे सपाटपण धरून चालल्यामुळेच.

ही मिसळण्याची गोष्ट म्हणजे रेझोनन्स. ॲसिटिक ॲसिडचा प्रोटॉन काढून टाका, ॲसिटेट राहील, एक ऑक्सिजन डबल बॉन्डने, दुसऱ्यावर उणे. आता उणे असलेल्या ऑक्सिजनवरची जोडी आत आणून डबल बॉन्ड करा आणि जुन्या डबल बॉन्डची पाय जोडी दुसऱ्या ऑक्सिजनवर ढकला, दुसरं चित्र मिळालं. दोन चित्रं झाली म्हणून रेणू दोन नाहीत, आणि तो या चित्रातून त्या चित्रात उड्याही मारत नाही. खरा ॲसिटेट एकच, दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बॉन्ड सारख्याच लांबीचे, आणि उणे चार्ज दोघांवर अर्धा अर्धा. आपल्या रेघांच्या भाषेत अर्धी रेघ नाही म्हणून दोन चित्रं काढून मध्ये दोन टोकांचा एकच बाण टाकतो. समतोलाचे दोन वेगळे अर्धे बाण इथे कधीही टाकू नका, त्याचा अर्थ पूर्ण वेगळा होतो.

नियम थोडेच. अणू जागचे हलवायचे नाहीत, एखादा हायड्रोजन इकडचा तिकडे गेला की तो रेझोनन्स नाही. सिग्मा बॉन्डला हात लावायचा नाही, हलतात फक्त पाय जोड्या आणि लोन पेअर. वळणारा बाण नेहमी इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो, म्हणजे लोन पेअर किंवा बॉन्डपासून, अधिक चार्जपासून बाण कधीच सुरू होत नाही. प्रत्येक चित्रानंतर एकूण इलेक्ट्रॉन आणि एकूण चार्ज पुन्हा मोजा, दोन्ही तेच राहिले पाहिजेत. आणि अनेक चित्रांतलं कुठलं जास्त वजनाचं ते ठरवताना आधी सगळ्यांचे आठ पूर्ण आहेत का ते बघा, मग चार्ज किती कमी आहेत, मग उणे चार्ज जास्त ओढणाऱ्या अणूवर आहे का.

याचा परिणाम किती मोठा असतो ते बघा. इथेनॉलचा ओएच आणि ॲसिटिक ॲसिडचा ओएच, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पीकेए एकाचं सुमारे १६ आणि दुसऱ्याचं ४.७६, म्हणजे ॲसिटिक ॲसिड दहा हजार कोटी पटींहून जास्त ॲसिडिक. प्रोटॉन गेल्यावर उरलेला उणे चार्ज एकाच ऑक्सिजनला एकट्याने सांभाळायचा की दोघांनी वाटून घ्यायचा, हे त्या फरकाचं मोठं कारण, कार्बोनिलची ओढ हे दुसरं. बेन्झीनचंही असंच, केकुले यांनी १८६५ मध्ये रिंग सुचवली, पण एकाआड एक सिंगल-डबल बॉन्ड खरे असते तर लांब्या १५४ आणि १३४ च्या आसपास आलटून पालटून मिळाल्या असत्या, प्रत्यक्षात सहाही बॉन्ड सुमारे १३९. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी हेक्झामिथिलबेन्झीनच्या क्रिस्टलवर एक्स-रे टाकून ती रिंग सपाट असल्याचं दाखवून दिलं.

सरावाला रोज थोडे रेणू घ्या, जास्त नकोत, पण प्रत्येकाचं पूर्ण करा: एकूण इलेक्ट्रॉन, लुईस चित्र, फॉर्मल चार्ज, हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूचं हायब्रिडायझेशन, रेझोनन्स असेल तर तो. आधी मिथेनॉल, मिथिलअमाइन, हायड्रोजन सायनाइड, मग ॲसिटोनायट्राइल आणि ॲसिटामाइड, मग ओझोन. हायड्रोजन सायनाइडचे एकूण १० यायला हवेत आणि नायट्रोजनवर एक लोन पेअर. ॲसिटोनायट्राइलचे १६, त्यात एक कार्बन एसपी३ आणि एक एसपी. ओझोनचे १८, मधल्या ऑक्सिजनवर अधिक १ आणि उणे १ एका टोकावर, टोकं बदलून दुसरं रेझोनन्स चित्र. युरिया तर कराच, शेतात पोत्याने पडतो तोच, वोलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत बनवला आणि जिवंत शरीराशिवायही असा पदार्थ तयार होतो हे दिसलं. युरियाचे एकूण २४ येतात, आठ बॉन्ड आणि चार लोन पेअर, दोन्ही नायट्रोजनच्या लोन पेअर कार्बोनिलकडे झुकलेल्या, म्हणून रेझोनन्सची तीन चित्रं निघतात.

हे सगळं जमलं की कार्बन मोनॉक्साइड काढा. एकूण १०, दोघांचेही आठ पूर्ण करायचे तर ट्रिपल बॉन्ड आणि दोघांवर एकेक लोन पेअर, एवढं जमेल. मग चार्ज मोजा, कार्बनवर उणे १ आणि ऑक्सिजनवर अधिक १ येतील, आणि ते उलटं वाटलं तरी खोडू नका, हिशोब बरोबर आहे, आणि हा रेणू लोखंडासारख्या धातूला, आपल्या हिमोग्लोबिनमधल्या लोखंडालासुद्धा, कार्बनच्या बाजूनेच चिकटतो.